खाण की पर्यटन? आधी पाण्याचं बोला

सिंधुदुर्गात खाणीचा विषय निघाला की वाद दोनच वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, पोरांच्या हाताला काम नाही, डोंगरात लोहखनिज आहे, काढू द्या. दुसरी म्हणते, आपला १९९७पासूनचा पर्यटन जिल्हा, खाणी नकोत, रिसॉर्ट येऊ द्यात. २०२१च्या पावसात आपल्याच जिल्ह्यातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा गावात शिरला. मी खाणीच्या विरोधातच आहे. पण ‘पर्यटन आलं की झालं’ हे भावकीच्या ग्रुपवर वाचलं की मला राहवत नाही, कारण ऑस्ट्रेलियात मेलबर्नपासून दीडेक तासावरचं डेल्सफर्ड हे गाव मी जवळून पाहिलंय.

तिथे १८५१ साली सोनं सापडलं. जगभरातून माणसं धावली, त्यांत स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक भागातलेही बरेच होते. ओढ्यांचे तळ उपसले गेले, टेकड्या पोखरल्या गेल्या. मूळचे जा जा वुरुंग लोक त्या भूमीला आजही उलथीपालथी केलेली भूमी म्हणतात. शेजारच्या हेपबर्न गावात जमिनीतून खनिजयुक्त, बुडबुड्यांचं पाणी वर येतं. खडकांच्या भेगांतून मुरत, वायू आणि क्षार घेत ते वर येतं, म्हणजे बाजूला खाण खणली की झऱ्याचा मार्गच तुटणार. तिथल्या वसाहतवाल्यांना, विशेषतः युरोपातले झरे पाहिलेल्यांना, हे कळत होतं. त्यांनी सभा घेतल्या, सरकारकडे आग्रह धरला आणि १८६५ साली झऱ्यांभोवतीची जमीन सार्वजनिक म्हणून राखून ठेवून घेतली. सोन्याची हाव अजून संपली नव्हती तेव्हाची ही गोष्ट! त्या पाण्यात डुंबायचं स्नानगृह आलं १८९५मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

आधी पाणी सगळ्यांचं झालं, धंदा मागाहून आला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

आजही तिथे झऱ्यावर हातपंप आहेत. दांडा चार-सहा वेळा हापसायचा, मग फसफसतं, थंडगार पाणी बाटलीत पडतं. चव लोखंडाची, पहिला घोट तोंड वाकडं करायला लावतो. पंपाखालचा दगड तांबूस झालेला असतो. जवळच्या स्पामध्ये त्याच पाण्यात बसायला चांगलेच पैसे मोजावे लागतात, पण पंपावर कोणी तिकीट मागत नाही. म्हाताऱ्या बायका कॅन घेऊन येतात, भरतात, जातात.

आता दुसरी बाजू. स्पा, मसाज, शनिवार-रविवारची गर्दी यांवर गाव चालतं खरं, पण घरं पाहुण्यांसाठी भाड्याने जाऊ लागली. जी मुलगी हॉटेलात ताटं उचलते तिला त्याच गावात भाड्याने खोली मिळणं अवघड. अशा थोड्या मुक्कामाच्या भाड्यावर तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने १ जानेवारी २०२५पासून साडेसात टक्के आकार लावला आणि तो पैसा लोकांच्या घरांसाठी वळवायचं ठरवलं. उशिरा का होईना, केलं. आपल्याकडे मात्र किनाऱ्यालगतच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर चढताना आपण त्यालाच ‘विकास’ म्हणतोय. वेंगुर्ल्या-मालवणातल्या मुलांना उद्या स्वतःच्या गावात जागा परवडेल का, हे कोणी विचारतच नाही.

आणि पाणी? आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार, पावसाचं पाणी पोटात धरून ठेवतो, त्यावरच खालचे व्हाळ (ओढे) आणि बावी (विहिरी) जगतात. खाणीने सडा फोडला तर पाणी जातं, आणि शंभर खोल्यांच्या रिसॉर्टने बोअर मारून उपसलं तरी जातं. रत्नागिरीकडे आरवली, तुरळ, उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे उद्या कोणी मोठा गुंतवणूकदार ‘वेलनेस’ची पाटी घेऊन आला, तर कुंडावर पहिला हक्क कोणाचा हे आजच कागदावर नको का?

म्हणून गावाकडच्या मंडळींना माझं सांगणं आहे, खाणीला विरोध करताना रिसॉर्टला कोरा चेक देऊ नका. झरे, व्हाळ, कुंडं यांची यादी करा, गाव नकाशावर दाखवा, ग्रामसभेत ठराव घ्या की हे पाणी आणि त्याभोवतीची जागा विकली जाणार नाही. प्रकल्पाची फाईल त्यानंतर उघडा.