छप्पर आधी की गाणं आधी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘द क्वायर’ (म्हणजे चर्चमधला गायकवृंद) या बीबीसीच्या १९९५ सालच्या मालिकेवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही पाचही भाग बघून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कॅथीड्रलचं, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं, छप्पर मोडकळीला आलेलं असताना गाण्यावरचा खर्च थांबवायला निघालेला डीन (तिथला प्रमुख पाद्री) चुकत नव्हता, मालिकेने त्याला उगाच खलनायक केलं. एका मुलाच्या गोड आवाजाची रेकॉर्ड निघते आणि पैशाची वाट सापडते, हे फारच फिल्मी. आणि तिसरा मुद्दा तुम्ही जरा रागाने मांडलाय : आठ-दहा माणसांसमोर रोज संध्याकाळी गाणारी खासगी शाळेतली मुलं ही इंग्रजांची चैन आहे, मराठी माणसाने तिच्यापायी गहिवरायचं कारण काय?

रेकॉर्डचं आधी सांगते. कथेत तो धागा सोपा झालाय, मान्य. पण त्या मुलाचं काम करणारा अँथनी वे हा खरोखरच लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधला गाणारा मुलगा होता, आणि मालिकेनंतर तिच्या संगीताची सीडी ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत अगदी वर जाऊन बसली. तेव्हा अशक्य काही दाखवलं असं मी म्हणणार नाही.

आता छप्पर. जेम्स फॉक्सने उभा केलेला डीन मला खलनायक वाटला नाही. त्याचा त्या दगडांवर जीव आहे. मालिकेत गावाचं नाव काल्पनिक आहे, पण चित्रीकरण ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये झालं, आणि ती वास्तू पाहिली की डीनची घालमेल समजते. १०८९ साली तिचा पाया घातला. मठाच्या ओवऱ्यांवरचं छत असं कोरलंय की दगडाचे पंखे उलगडून धरल्यासारखे दिसतात. हे सगळं आपल्या कारकिर्दीत ढासळलं तर, ही भीती खोटी नाही.

पण मी तिथे एका बुधवारी संध्याकाळी साडेपाचच्या उपासनेला बसले होते. कामानिमित्त तीन आठवडे त्या भागात होते, बाहेर पाऊस होता, आम्ही ऐकणारे मोजून अकरा जण. गाणारे आमच्याहून जास्त! समोरासमोर दोन रांगा. एक बाजू स्तोत्राची एक ओवी म्हणते, दुसरी पुढची. वारकऱ्यांच्या भजनात टाळकरी समोरासमोर उभे राहून चरण उचलतात, तसंच. मागे मोठी माणसं, पुढे आठ ते तेरा वर्षांची मुलं. माझ्या समोरच्या रांगेतला सगळ्यात लहान मुलगा मध्येच चुकला. तोंड हलत होतं पण डोळे पानावर भिरभिरत होते. शेजारच्या मोठ्या मुलाने गाणं न थांबवता, मान न वळवता हात बाजूला नेला आणि त्याच्या पुस्तकातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवलं. धाकट्याने तिथून उचललं. मोठ्याने बोट काढून घेतलं. दोन-तीन सेकंदांत सगळं झालं.

मालिका पाहताना ते बोट मला सतत आठवत होतं. मुलाचा तो वरच्या पट्टीतला आवाज चार-पाच वर्षं टिकतो, मग फुटतो. म्हणजे आज जो शिकतोय, त्याच्याकडे शिकवायला जेमतेम दोन-तीन वर्षं असतात. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातल्या जुन्या नेमाप्रमाणे बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर वाटलेली आहेत, पंधराव्या दिवशी संध्याकाळी तर अठ्ठ्याहत्तरावं, चांगलं ७३ ओव्यांचं. हे चालीसकट अंगात मुरतं ते रोज मोठ्याशेजारी उभं राहून. पाच वर्षं क्वायर बंद ठेवा आणि मग पैसे आले म्हणून सुरू करा, तर मधल्या काळात सगळी मुलं मोठी होऊन गेलेली असतात. बोट ठेवणारं कुणी नसतं.

हे इंग्लंडमध्ये एकदा घडून गेलंय. यादवी युद्धाच्या काळात, १६४०च्या दशकात, पार्लमेंटने कॅथीड्रलमधलं असं गाणं बंद पाडलं. १६६० साली राजा परत आला आणि गाणं पुन्हा सुरू करायचं ठरलं. राजाच्या स्वतःच्या चॅपलमध्ये काय अवस्था होती, ते मॅथ्यू लॉक या संगीतकाराने पुढे लिहून ठेवलंय : वर्षभराहून अधिक काळ वरचे स्वर कॉर्नेट या वाद्यावर वाजवून किंवा मोठ्या माणसांनी खोटा बारीक आवाज काढून भागवावे लागले, कारण आपला भाग नीट गाऊ शकेल असा एकही मुलगा मिळेना. साक्षात राजाला मिळेना. इमारती उभ्याच होत्या.

म्हणून डीनचा हिशेब मला चुकीचा वाटतो. छपरासाठी थांबता येतं, ताडपत्री घालून, वर्गणी काढून, दहा वर्षांनी का होईना ते पुन्हा घालता येतं.

चैनीबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. फी परवडणाऱ्या घरातली मुलं जास्त, हे खरंच. त्याहून मला खटकतं ते मुलींना शतकानुशतकं बाहेर ठेवलं हे. सॉल्सबरी कॅथीड्रलने १९९१ साली मुलींचा क्वायर उभा केला, सेंट पॉल्समध्ये मुली कायम सदस्य व्हायला २०२४ उजाडावं लागलं. मालिका याबाबत गप्प आहे आणि माझ्या लेखात मी ते लिहायला हवं होतं. पण ऐकणारे आठच आहेत म्हणून ती चैन, हे मला पटत नाही. मंदिरात काकडआरतीला कधी चारच माणसं असतात, म्हणून पुजारी आरती उद्यावर ढकलत नाही. ते गाणं आम्हा अकरा जणांसाठी चाललेलंच नव्हतं.

आणि मराठी माणसाने का गहिवरावं? माझ्यापुरतं सांगते. माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं, घर ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये क्वायर म्हणजे पेटी, तबला, झांजा आणि सतरंजीवर बसलेल्या बायका. ना. वा. टिळकांचे अभंग आणि पदं तिथे गायली जायची, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक प्रत्येकीच्या मांडीवर. पेटीवर जे आजोबा बसायचे त्यांना जुन्या चाली येत होत्या. पुस्तकात शब्द आहेत, पण त्या चाली त्यांच्या बोटांत होत्या, आणि शेजारी बसून शिकणारं त्यांच्यामागे कुणी उरलं नव्हतं. मंडळीच्या बैठकीत एकदा विषय निघाला होता, मुलांना आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे बसवू, त्यांना थोडं मानधन देऊ. त्या वर्षी छताचे पत्रे बदलायचे होते. पत्रे बदलले. चांगले आहेत, अजून गळत नाहीत. आजोबा पुढच्या उन्हाळ्यात गेले.

त्यानंतर तीन पदं आमच्याकडे म्हटलीच जात नाहीत. कुणालाच नीट येत नाहीत. छतासाठी हात वर करणाऱ्यांत माझे वडील होते, आणि त्यांचंही त्या इमारतीवर त्या डीनइतकंच प्रेम होतं.

त्या तिन्हींतल्या एकाची चाल मावशीला अर्धीमुर्धी आठवते. धृपद येतं, अंतऱ्याला अडखळते, मग म्हणते, थांब, आई असं म्हणायची नाही. पुढच्या रविवारी मी फोन आणि पेटी घेऊन तिच्याकडे जाणार आहे. सोबत माझी नऊ वर्षांची भाचीही येतेय.