‘चार कोटींचा पिचर कोण घेणार?’

बेसबॉलमधला महागडा पिचर (चेंडू टाकणारा) मार खाऊ लागला की एक विधान हमखास फिरू लागतं: ‘वर्षाला ४ कोटी डॉलर घेणारा, पस्तिशी उलटलेला पिचर कोणी घेत नाही. घेतलाच तर पगार जुन्या टीमनेच भरायचा, म्हणजे तो फुकटातच गेला. आणि त्याचा ईआरए बघा!’ (ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे, म्हणजे डावांमागे, पिचरने दिलेल्या धावांची सरासरी; जितका कमी तितका चांगला.)

आधी ‘कोणी घेत नाही’ पाहू. २०२३ च्या हंगामाच्या मध्यावर न्यूयॉर्क मेट्सनी मॅक्स शर्झर (३९) आणि जस्टिन व्हरलँडर (४०) काही दिवसांच्या अंतराने ट्रेड केले, म्हणजे खेळाडूंच्या बदल्यात दुसऱ्या टीमला दिले. दोघांचाही पगार वर्षाला ४.३३ कोटी. शर्झरच्या बदल्यात टेक्सास रेंजर्सने लुइसांजेल अकुन्या हा तरुण खेळाडू दिला. व्हरलँडरसाठी ह्यूस्टन ॲस्ट्रोजने ड्रू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड हे दोन आउटफिल्डर दिले. गिल्बर्ट तर आदल्याच वर्षी ह्यूस्टनने नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेला.

‘पगार भरला म्हणजे फुकट दिला’ ही खरी गफलत. कराराचा मूळ आकडा विसरा. किंमत ठरते ती उरलेल्या रकमेवर. व्हरलँडरचे हंगामाचे शेवटचे दोन महिने आणि २०२४ चं पूर्ण वर्ष मिळून सुमारे ५.८ कोटी उरले होते. त्यातले साधारण ३.५ कोटी मेट्सनी उचलले. राहिले २.३ कोटी, सव्वा-दीड हंगामासाठी. म्हणजे ह्यूस्टनच्या लेखी तो वर्षाला पावणेदोन कोटींचा पिचर होता. मुक्त बाजारात एका वॉरमागे (पर्यायी साध्या खेळाडूपेक्षा टीमला मिळवून दिलेला एक जादा विजय) साधारण ८० ते ९० लाख डॉलर मोजले जातात, असा विश्लेषकांचा ढोबळ हिशेब. त्या दराने दोन वॉर केले तरी वर्षाचा पगार वसूल. मेट्सनी रोख भरून गिल्बर्ट आणि क्लिफर्ड विकत घेतले, असंच म्हणावं लागेल. रोख कमी दिली असती तर प्रॉस्पेक्टही (भविष्याची आशा असलेले तरुण खेळाडू) हलके मिळाले असते.

यात लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारावरचा एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की लीग टीमवर लावते तो कर, धरायलाच हवा. २०२४ मध्ये तिसऱ्या सलग वर्षी मर्यादा ओलांडणाऱ्या टीमला २९.७ कोटींच्या वरच्या प्रत्येक डॉलरवर ११० टक्के कर होता, आणि मेट्स त्या रेषेच्या वरच होते. पाठवलेली रोख त्यांच्याच खात्यात मोजली जाते, पण समोरच्याने उचललेला प्रत्येक डॉलर त्यांना २.१० डॉलर वाचवून देतो. टॅक्सच्या खाली असलेल्या टीमसाठी हाच करार वेगळ्या किमतीचा असतो.

ऑप्शन, म्हणजे करार आणखी एक वर्ष चालू ठेवण्याची अट, हाही वाचावा लागतो. २०२४ मध्ये १४० इनिंग टाकल्या तर व्हरलँडरचा २०२५ चा ३.५ कोटींचा ऑप्शन लागू होणार होता, आणि त्यातले निम्मे मेट्स देणार होते. त्याने ९०⅓ इनिंगच टाकल्या, त्यामुळे ते पैसे कोणालाच द्यावे लागले नाहीत. शर्झरकडे २०२४ चा ऑप्शन स्वतःच्या हातात होता. तो ‘मी राहतो’ म्हणाला तेव्हा ट्रेड पुढे सरकला.

ईआरएबद्दल बोलायचं तर ख्रिस सेल हा पिचर पाहा. २०२३ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून त्याचा ईआरए ४.३०. पण १०२⅔ इनिंगमध्ये १२५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस) फक्त २९. चेंडूत दम आणि नियंत्रण दोन्ही शाबूत होतं. प्रश्न होता तो शरीराचा: कोपराची शस्त्रक्रिया, मोडलेलं बोट, २०२२ मध्ये अवघे दोन सामने. म्हणून तो अटलांटा ब्रेव्ह्जला सवलतीत मिळाला. २.७५ कोटींच्या पगारापैकी १.७ कोटी बॉस्टनने भरले आणि बदल्यात वॉन ग्रिसम हा तरुण खेळाडू घेतला. अटलांटा ब्रेव्ह्जकडून २०२४ मध्ये सेलने १८ विजय, २.३८ ईआरए आणि साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवला. बॉस्टन मूर्ख ठरलं असं म्हणणं सोपं आहे, पण २०२३ च्या डिसेंबरात, ट्रेडच्या वेळी, त्या खांद्या-कोपरावर पैज लावायला कितीजण तयार होते?

सुरुवातीच्या विधानात तथ्य आहे ते बॉस्टनचा पिचर डेव्हिड प्राइस याच्यासारख्या करारांपुरतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्याचे ३ वर्षांचे ९.६ कोटी उरले होते. निम्मे बॉस्टनने भरूनही लॉस एंजेलिस डॉजर्सने तो घेतला तो केवळ सोबत मुकी बेट्स हा स्टार खेळाडू येत होता म्हणून. अशा पिचरची किंमत शून्याच्याही खाली असते, आणि ती दुसऱ्या खेळाडूच्या मोलातून वळती होते.

आणि सगळा हिशेब जुळला तरी पिचर नाही म्हणू शकतो. शर्झर आणि व्हरलँडर दोघांच्याही करारात तशी अट होती. ती नसली तरी लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ सलग त्याच टीममध्ये काढलेल्या खेळाडूला नकाराचा हक्क आपोआप मिळतो.