'गंध नाही' या शब्दांना उत्तर

मॉडेल रेल्वेची परदेशी मासिकं वाचण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. जपानी एन स्केलचा, म्हणजे ९ मिमी रुळांवरच्या छोट्या मॉडेल गाड्या खऱ्या गाडीच्या कितव्या पटीत लहान असतात त्याचा, आकडा मी चुकीचा दिला. परदेशी मासिकांतले लेआउट, म्हणजे फळीवर उभारलेल्या मॉडेल रेल्वे, पाहून केलेली मांडणी म्हणजे नक्कल. आणि तिसरं वाक्य जसंच्या तसं देतो: 'ज्या भाषेचा गंध नाही तिच्यातलं मासिक वाचलं म्हणणं ही निव्वळ शेखी आहे, चित्रं चाळली म्हणा.'

आकड्याचं आधी. चूक माझीच. जपानी एन साधारणपणे १:१५०, मी १:१६० लिहिलं. शिंकान्सेनची मॉडेलं १:१६० असतात, कारण तिच्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिमी. बहुतेक इतर जपानी गाड्या १०६७ मिमीच्या रुळांवर धावतात, आणि मॉडेलात दोन्ही ९ मिमीवरच बसवतात. तिथे माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण हे साध्या शब्दांत सांगता आलं असतं. 'एवढंही माहीत नसेल तर' अशी सुरुवात करण्याची काय गरज होती?

आता शेखी. हा शब्द लागला, ते लपवत नाही.

पहिला जर्मन अंक हातात आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मुखपृष्ठ फाटलेलं, भाषेचा खरंच गंध नव्हता. पण आत रुळांचा नकाशा होता: वळणांच्या त्रिज्या, सांध्यांच्या जागा आणि फळीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये. एका ठिकाणी ० होतं, साधारण तीन मीटर पुढे +९. पट्टी घेऊन बसलो आणि हिशेब केला: ३ टक्के चढ. तो समजायला मला कुणी भाषांतर करून दिलं नव्हतं. तसाच चढ बांधला, तर इंजिन चार डबे घेऊन घसरायला लागलं. पुन्हा नकाशा उघडला. तिथला चढ सरळ रुळावर होता, मी जागा वाचवायला तो वळणावर घेतला होता. वळणात चाकांचं घर्षण वाढतं, चढ आहे त्याहून जड पडतो. मग लांबी साडेचार मीटर केली, चढ २ टक्क्यांवर आला आणि गाडी चढली. चित्रं चाळणाऱ्याला हे कळतं का, तुम्हीच सांगा.

त्याच नकाशावर डोंगराखाली तुटक रेघा होत्या आणि शेजारी एक लांबलचक शब्द: शाटेनबानहोफ. शब्दकोशात दोन तुकडे सापडले, सावली आणि स्टेशन. सावलीतलं स्टेशन! दृश्यातून निघालेली गाडी तिथे दडून थांबते आणि वेळ झाली की परत बाहेर येते. त्या दिवशी मला कळलं की लेआउटवर जे दिसतं त्याच्याइतकंच न दिसणारंही बांधावं लागतं. पुढे ब्रिटिश मासिकांत याच कामाला फिडल यार्ड म्हणतात हे पाहिलं: छोट्या टर्मिनसशेजारी पडद्यामागची एक फळी, जिथे माणूस हातानेच डबे उचलून नवी गाडी जुळवतो. अमेरिकन मासिकांत तेच स्टेजिंग, म्हणजे लेआउटबाहेरचं सगळं रेल्वेजाळं. काम एकच, पण बांधणी तीन तऱ्हांची, आणि तिन्ही अंक शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसत नाही. मी लेखात 'वाचलं' म्हणालो ते याला. आजही म्हणेन.

आज मला जर्मन मजकूर अडखळत का होईना वाचता येतो. ते वाचणं त्याच फाटक्या अंकापासून सुरू झालं, वर्गात बसून नाही. जपानी अजूनही येत नाही, आणि येतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही ते लेखात कुठून वाचलंत?

नक्कलेबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्याचा नकाशा माझ्या फळीवर बसवताना निम्मे रूळ बदलावे लागतात, हे एकदा करून पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

पुढचा लेख सावलीतल्या स्टेशनांवरच आहे. त्यातही आकडे असतील. चुकले तर जरूर दाखवा, त्याच दिवशी दुरुस्त करीन. 'शेखी'सारखे शब्द मात्र पुन्हा आले, तर उत्तर देणार नाही.