व्यापाऱ्याची कथा बायकांच्या कपटाची नाही

इंग्रज कवी जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरू एकेक कथा सांगतात; त्यातल्या व्यापाऱ्याच्या कथेबद्दल एक विधान सर्रास पुढे पाठवलं जातं: भोळ्या म्हाताऱ्याला तरुण बायको फसवते, चौदाव्या शतकातले इंग्रज बायकांना कपटीच समजत, आणि चॉसरचंही मत तेच होतं. मूळ काव्य वाचलं की यातलं काहीच टिकत नाही.

आधी भोळेपणा. इटलीतल्या पावियाचा हा सरदार, नाव जानेवारी, साठी उलटेपर्यंत बाहेरख्यालीपणा करत राहिला. मग लग्नाचं मनात आलं. अट अशी की मुलगी विशीपुढची नको. मित्रांना सल्ला विचारतो, पण निर्णय आधीच झालेला असतो. प्लसीबो होला हो मिळवतो, तो शहाणा ठरतो. जस्टिनस सावध करतो, त्याला उडवून लावलं जातं. रात्री अंथरुणात पडून जानेवारी ओळखीच्या मुली एकेक करून डोळ्यांपुढे आणतो. चॉसर म्हणतो, भर बाजारात लखलखीत आरसा ठेवावा आणि येणारे-जाणारे त्यात दिसावेत, तसं. त्या प्रतिबिंबांतून मे नावाच्या मुलीची निवड होते, आणि प्रेम आंधळं असतं ही ओळ नेमकी तिथे येते. डोळे खरोखर जातात ते पुष्कळ नंतर.

कोवळी बायको मऊ मेणासारखी हवी तशी वळवता येते, हे वाक्यही त्याचंच. पुढे मे जानेवारीच्या खाजगी बागेच्या किल्लीचा ठसा ऊन मेणातच घेते आणि तिचा प्रियकर डेमियन, जानेवारीच्याच पदरचा तरुण, त्यावरून दुसरी किल्ली बनवतो. हा योगायोग नाही, चॉसरने जाणूनबुजून केलेली जुळणी आहे.

मे फसवते हे खरंच. पण हा जरठ-कुमारी विवाह कसा लागतो तेही पाहा. जमीन तिच्या नावे करून देणाऱ्या कागदपत्रांचा उल्लेख आहे, तिच्या होकाराचा नाही. पहिल्या रात्री जानेवारीची राठ दाढी, मानेची लोंबती कातडी सगळं तपशिलात येतं; तिला काय वाटलं ते देव जाणे, एवढं म्हणून कवी पुढे सरकतो. तिच्या तोंडचं पहिलं वाक्य ऐकायला जवळजवळ चार-पंचमांश काव्य संपावं लागतं.

आता चॉसरचं मत. कथा सांगतो तो व्यापारी: लग्नाला दोन महिने झालेले, बायकोपायी जीव मेटाकुटीला आलेला. सुरुवातीला लग्नाची शंभराहून अधिक ओळींची स्तुती आहे, तीत चांगल्या बायकोचा पहिला दाखला रिबेकाचा. बायबलमध्ये तिने काय केलं? आंधळ्या नवऱ्याला फसवून धाकट्या मुलाला आशीर्वाद मिळवून दिला. स्तुतीतच कथेचा शेवट पेरलेला आहे. आणि बागेत मे नासपतीच्या झाडावर डेमियनकडे चढायच्या बेतात असताना बायकांच्या बेइमानीवर संतापतो कोण, तर पाताळाचा देव प्लूटो, ज्याने आपल्या बायकोला, प्रॉसर्पिनाला, फुलं वेचताना पळवून नेलं होतं. तो बायबलमधल्या शहाण्या राजाचा, सॉलोमनचा हवाला देतो, ती सॉलोमनलाच लंपट आणि मूर्तिपूजक ठरवते. निवाडा कवी करत नाही.

शेवटी प्लूटो दृष्टी देतो. झाडावर मे आणि डेमियन काय करताहेत ते जानेवारी पाहतो, सरळ शब्दांत बोलूनही दाखवतो. मे म्हणते, मी झाडावर एका पुरुषाशी झटापट केली ती तुझे डोळे बरे व्हावेत म्हणून. झोपेतून उठलेल्याला लगेच नीट दिसत नाही, तसं तुझं झालंय. तो ते मान्य करून तिला घरी नेतो. मे थाप मारते, पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या थापेवर विश्वास ठेवायचं तो ठरवतो.

राहिलं शतकाचं मत. ते एकच नव्हतं. आपल्या बायकोबरोबर पाप घडत नाही, आपल्याच सुरीने आपल्याला इजा होत नाही, असं जानेवारी म्हणतो. याच संग्रहातला पाद्री बजावतो की माणूस स्वतःच्या सुरीने स्वतःचा जीव घेऊ शकतो. आणि फ्रँकलिनच्या, म्हणजे एका जमीनदाराच्या, कथेत आर्वेरागस हा सरदार आपल्या बायकोपुढे, डोरिगेनपुढे, शपथ घेतो: तुझ्या मर्जीविरुद्ध कधी हुकूम चालवणार नाही, फक्त माझ्या दर्जासाठी चारचौघांत धनीपणाचं नाव राहू दे.