गार हवा, गरम वायर

एसी घ्यायचं ठरलंय म्हणता? उत्तम. कोल्हापूरही आता पूर्वीचं राहिलं नाही, एप्रिलात गच्चीवर गादी टाकूनही डोळा लागत नाही. किती टन, किती स्टार, इन्व्हर्टर की साधा, यावर घरात मनसोक्त खल करा. शोरूमवाल्याशी शेवटच्या शंभर रुपयांसाठी भांडा. वायरिंगचा विषय मात्र कुणी काढलाच तर त्याला चहा देऊन गप्प बसवा. वायर भिंतीत असते. आल्यागेल्याला जे दिसत नाही त्यावर पैसे घालायला आपण काय वेडे आहोत?

वायरमनला परवाना विचारू नका. बिचाऱ्याला वाईट वाटेल.

एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते, असं कुणी शहाणा सांगेल. ऐकू नका. शेजारच्या बाथरूममधून गिझरची लाइन गेलीच आहे, तिथूनच एक टॅप मारून घ्या. गिझर 2000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. दीड टनाचा साधा एसी आणखी सात-आठ ओढणार, शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. पाइपात कोंडलेली दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर चौदा-पंधराच्या पुढे तापायला लागते, पण तिचं मत कोण विचारतंय? करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे दहावीत शिकलोय आपण सगळे. मार्कांपुरतं शिकलो होतो, तेवढ्यापुरतंच राहू द्या. चारची वायर घाला असं म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. एका खोलीपुरता दीडच्या आणि चारच्या वायरीतला फरक घरच्या एका मटणाच्या जेवणाएवढा असेल, पण मटण निदान खाता तरी येतं.

सॉकेट तपकिरी पडलं असेल तर त्यावर कॅलेंडर लावा.

आता मुख्य सल्ला. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका, सारखा पडायला लागला की काय करायचं? कारण शोधायचं नाही. मोठा एमसीबी बसवायचा. परवा आमच्याकडे हेच झालं. रात्री एसी आणि गिझर एकदम चालू झाले की 16 अँपिअरचा एमसीबी पडायचा. वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पिशवीतून 32 चा काढला आणि म्हणाला, "काय नाय हुत सायेब, आता पडायचाच न्हाई." खरं होतं त्याचं. पडलाच नाही. मग एके संध्याकाळी हॉलमध्ये मासळी जळल्यासारखा वास. घरच्यांना वाटलं खालचे सुकट भाजतायत. वास बोर्डातून येत होता. सॉकेटचं प्लॅस्टिक फुगून एका बाजूला वितळलं होतं, आतल्या स्क्रूखाली वायर काळी पडली होती आणि तिच्यावरचं लाल आवरण बोटानं चुरत होतं. पुन्हा फोन केला, तर म्हणे, "मालच हलका येतोय आजकाल."

माल हलका? अरे, एमसीबी एसीसाठी नसतो, वायरीसाठी असतो! वायर सोसेल त्याच्या आत तो पडला पाहिजे, त्याचं काम तेवढंच. दीडच्या वायरीला 32 चा एमसीबी म्हणजे भुंकतो म्हणून दारातला कुत्रा हाकलून दगडाचा सिंह बसवण्यासारखं आहे. तो पडायच्या आधी भिंतीतली वायर भाजून निघते. आणि हे वायरमनला माहीत नव्हतं? माहीत होतं. दुसऱ्यांदा आला तेव्हा मीच विचारलं, तर हसून म्हणाला, "सगळीकडं असंच चालतंय की."

असो. सल्ले पुढे चालू.

अर्थिंगची वायर लांबून आणायचा कंटाळा आला असेल तर सॉकेटच्या मागेच न्यूट्रलला जोडून टाका. टेस्टर लावून बघणाऱ्याला काही कळत नाही. फक्त मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गिझरच्या अंगात फेज उतरतो, आणि तेव्हा तुम्ही ओल्या अंगानं नळाला हात लावलेला असतो. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला की पडणारा खटका, असेल तर तो या जोडणीवर कधीकधी कुरकुर करत पडतो. त्यावर उपाय ठरलेला आहे: आरसीसीबी बायपास. 30 मिलिअँपिअरचं ते यंत्र तुमचा जीव वाचवायला बसवलेलं असतं, म्हणून तर जास्त त्रास देतं.

जयंती नाल्याच्या कडेला तळमजला असेल तर सॉकेट गुडघ्याएवढ्या उंचीवरच ठेवा. 2019 आणि 2021 चं पाणी आपण कधीच विसरलोय.

महावितरणकडे मंजूर लोड वाढवायचा अर्ज? तीन एसी बसले तरी नको. कागदावर आपण अजून दोन ट्यूब आणि एका पंख्याचेच.

बास झालं आता. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथल्या फाउंड्रीचं कास्टिंग देशभर जातं, तिथं घराघरात काळ्या टेपच्या दोन वेढ्यांवर गिझर चालतोय. पीओपीला पैसे आहेत, वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी दोनशे पानांच्या तांबड्या-पांढऱ्याला आहेत, चारच्या वायरीला नाहीत. वायरमनला शिव्या घालून काही होणार नाही, "कमीत कमीत बसवा" असं त्याला तुम्हीच सांगता. मग तो बसवतो.

उठा आणि बोर्डाजवळ जा. एसीच्या एमसीबीवर काय छापलंय ते वाचा: सी 16, सी 20, की सी 32? वायर किती एमएमची आहे ते माहीत नसेल तर परवानावाल्याला बोलवा, त्याचे पैसे द्या, त्याच्याकडून अर्थिंग मोजून घ्या, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते त्याच्यासमोर बघा. तोवर एसी बंद. चार दिवस उकडलं तर उकडू दे.