हयातीचा दाखला आणि रामा कलरचा फॉल

नोव्हेंबर लागला की आपण जिवंत आहोत हे गृहीत धरणं आधी बंद करा. ऑक्टोबरअखेरपर्यंत ते खपून जातं. १ ते ३० नोव्हेंबर या काळात मात्र श्वास, भूक, गुडघेदुखी वगैरे पुरावे ग्राह्य धरले जात नाहीत. कोषागाराकडून बँकेत यादी येते. त्या यादीत आपल्या नावासमोर आपण जातीनं जाऊन सही ठोकायची, की पुढचं वर्षभर आपण आहोत. तुम्ही यंदाच निवृत्त झाला असाल तर हे सगळं तुम्हाला नवीन असेल, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो. मी साताऱ्याचा. आमच्या गावाला पेन्शनरांचं गाव म्हणतात, तेव्हा हयात असण्याच्या बाबतीत आमचा शब्द प्रमाण माना.

घरातली तरणी पोरं सांगतील, "बाबा, मोबाइलवर होतं की घरबसल्या." होतं, खोटं कशाला बोलू. डिजिटल दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. आधी बोटांचे ठसे लागायचे, आता नुसता चेहराही चालतो. फोनपुढं बसायचं आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिटायचे. माणूस जिवंत आहे याची खात्री पटवायला त्याला डोळे मिटायला सांगतात, यातली गंमत ज्यानं केली त्याला माझा नमस्कार. पण तुम्ही या नादाला लागू नका. घरबसल्या काम झालं तर दिवसभर घरीच बसावं लागतं, आणि सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात घरात काय चालतं हे तुम्ही नोकरीच्या ३४ वर्षांत पाहिलेलं नाही. लसूण सोलायला देतात.

तर इस्त्रीचा शर्ट घाला आणि दारात चपला शोधत जरा जास्त वेळ काढा, म्हणजे आतून आवाज येईल, "अहो, गावात चाललाच आहात तर..." या 'तर'च्या पुढं काय काय असतं ते लिहून घ्या. मला यंदा होतं ते असं: मिक्सरचा कपलर, पाव किलो डिंक, बीपीच्या गोळ्या, शिवायला टाकलेली चप्पल आणि साडीचा फॉल. फॉलसाठी साडीच्या कडेचा बोटभर तुकडा सेफ्टी पिनेनं यादीच्या कागदाला टोचलेला. शेजारी लिहिलेलं, 'रामा कलर'. 'रामा'खाली दोन रेघा.

गोडोलीतून राजवाड्याकडे जायचं तर स्कूटर नेऊ नका. पोवई नाक्याला जमिनीखालून रस्ते काढल्यापासून विचारांच्या तंद्रीत खाली शिरलेला माणूस वर कुठं निघेल याचा भरवसा देता येत नाही. आपण आधीच कागदोपत्री अधांतरी, त्यात आणखी भुयार कशाला? पायी चला. वरच्या रस्त्याला चढ आहे, त्यामुळं बँकेत पोचेपर्यंत धाप लागते आणि आपण हयात असल्याचा रंग चेहऱ्यावर येतो.

बँक दहाला उघडते, म्हणून साडेनऊला पोचा. तुमच्या आधी वीसेक माणसं आलेली असतील आणि त्यांत एक गुरुजी हमखास असतील. ते आपणहून रांग लावतात, मोजतात, "मधे कुणी घुसायचं नाही" म्हणतात आणि निवृत्त तहसीलदारालाही भिंतीला टेकू नका म्हणून दरडावतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी अर्ध्या रांगेला पाढे शिकवलेले असतात. रांगेत एकमेकांना "काय, कसं काय?" असं विचारण्याची पद्धत आहे. त्याला "बरं आहे" एवढंच म्हणा. शस्त्रक्रिया सांगायला सुरुवात केलीत तर मागचा माणूस स्वतःच्या दोन काढतो.

आत साहेबांशी ओळख असेल तर फारच उत्तम. आमच्या साहेबांच्या मुंजीत मी जेवलोय. त्यांनी मला बघून खुर्ची दिली, आईची तब्येत विचारली, धाकट्याचं लग्न ठरलं का म्हणाले आणि मग हात पुढं करून म्हणाले, "ओळखपत्र?" इथं रागावू नका. त्यांना तुम्ही माहीत आहात, पण तुम्हीच ते आहात हे त्यांना माहीत असून चालत नाही.

यादीचा कागद आडवा असतो आणि ओळी इतक्या जवळजवळ की मुंगीलाही अंग चोरून जावं लागेल. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं. सुतळी हवी त्यापेक्षा वीतभर तोकडी, म्हणून सही करताना कमरेत वाकावं लागतं. जवळचा चष्मा घरी विसरा, लांबचा तेवढा घाला. काउंटरवरची मुलगी नखानं दाखवते, "काका, इथं." ती दाखवते तिथं सही करा. करताना वरच्या ओळीकडे एकदा नजर जाईलच. माझ्या वरच्या नावावर लाल शाईची रेघ होती आणि पुढं 'मयत'. ते बघून क्षणभर बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं. मग त्याची लाज वाटून आपण सही जरा जास्तच लांबवतो, शेवटचं शेपूट वर नेतो. हे शेपूट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हयात ठरलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा ऊन चढलेलं असतं. कपलर घ्या; दुकानदार तीन दाखवतो, तिन्ही बसत नाहीत, मग चौथा 'बसवून घ्या' म्हणून देतो. गोळ्या मिळतात. डिंक मिळतो. चप्पल शिवून झालेली नसते. यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मॅचिंग सेंटरात. बावन्न-पंचावन्न फूट लांब फळीवर फॉलच्या घड्या रचलेल्या असतात आणि त्यांत एकट्या हिरव्या-निळ्याच्या मधल्या गल्लीत चाळीसभर रंग राहतात. पुरुषमाणसाला शाळेत सात रंग शिकवतात, तेही इंद्रधनुष्याचे, जे कुणी नेसत नाही. मी तुकडा पुढं केला. दुकानातला पोरगा म्हणाला, "चिंतामणी का?" मी कागद दाखवला. "रामा लिहिलंय खरं," तो म्हणाला, "पण हा मोरपंखीकडं झुकतोय." मग त्यानं तुकडा उजेडात नेला. मीही गेलो. शेजारच्या दुकानातल्या बाई बाहेर आल्या, त्यांनी तुकडा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाल्या, "उन्हात रामा, सावलीत मोरपंखी." रस्त्यावर एक रिक्षावाला थांबला होता, त्याचं मत आमसुली पडलं. त्याला आम्ही विचारलं नव्हतं. अशा वेळी कागदावर लिहिलंय तेच घ्या. वस्तूपेक्षा कागद खरा, हे आपण तासाभरापूर्वीच बँकेत शिकलेलो असतो. मी रामा घेतला. मोती चौकातून पाव किलो कंदी पेढेही घेतले, ते यादीत नव्हते.

घरी काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या खिडकीत सावली असते.

आता अशा दिवसाचा कंटाळा येऊ लागला, हेलपाट्यांनी जीव विटला, तर आमच्या रंगो बापूजी गुप्त्यांची आठवण काढा. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून उतरवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं कंपनीच्या कचेरीचे उंबरे झिजवत राहिले. अर्ज केले, पत्रकं छापली, सभांत उभं राहून बोलले. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले तरी हा माणूस तिकडंच. पुढच्या वर्षी गादीवरचे त्यांचे भाऊही गेले. जाता जाता त्यांनी दत्तक घेतला होता, तर नव्यानंच आलेल्या डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा. म्हणजे कागद अपुरा म्हणून अख्खं राज्य परत पाठवलं. त्यापुढं तुमचा कपलर बसत नाही ही तक्रार कितीशी टिकते?

मात्र हे सगळं झोपायच्या आधी आठवू नका. मी आठवलं, आणि वर रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली. त्यामुळं जे स्वप्न पडलं ते खाली देतो. तुम्हाला तुमच्या तुमच्या जिल्ह्याप्रमाणं पडेल.

पोवई नाक्याच्या भुयारात बँक भरलेली. रांग खालून निघून वर थेट विलायतेपर्यंत गेलेली, आणि गुरुजी बोटीत उभे राहून माणसं मोजताहेत. काउंटरला डलहौसी. माकडटोपी घातलेली, पुढ्यात शिवणयंत्र, आणि तो सातारा जिल्ह्याच्या नकाशाला फॉल लावत बसलेला. माझ्या पुढं पागोटं घातलेले एक गृहस्थ. काखेत रुमालात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तर. मी विचारलं, "बराच वेळ झाला का?" ते म्हणाले, "चौदा वर्षं. तुमचं?" मी म्हणालो, "साडेनवापासून."

त्यांनी दप्तर काउंटरवर ठेवलं. डलहौसीनं आतले कागद बघितलेसुद्धा नाहीत. त्यानं रुमालाचं टोक धरलं, उजेडाकडं नेलं, बोटांत चोळलं आणि म्हणाला, "हा मोरपंखी आहे. अर्जात रामा लिहिलंय."

"उन्हात रामा दिसतो," रंगो बापूजी म्हणाले.

"इथं ऊन नसतं," डलहौसी म्हणाला. मग नखानं काचेवर टकटक करून, "हयातीचा दाखला?"

रंगो बापूजी हसले. खरं तर ते सत्तावन सालच्या धामधुमीत साताऱ्यातून निसटले ते इंग्रजांच्या हाती लागलेच नाहीत. पुढं कुठं गेले, कुठं वारले, कुणाला कळलं नाही. ते म्हणाले, "मयताचा दाखला तुमच्या दप्तरात आहे का माझा? नाही ना? मग हयातच की मी!" मागची सगळी रांग टाळ्या वाजवू लागली. गुरुजींनी "शांतता" म्हणून पट्टी आपटली.

मग डलहौसीनं यादी माझ्याकडं फिरवली. स्वप्नात मला जवळचं स्वच्छ दिसत होतं. माझी सही होती, शेपटासकट, झोकदार. पण ती माझ्या ओळीत नव्हती. वरच्या ओळीत होती. लाल रेघेवर. माझ्या नावापुढची जागा कोरी, आणि डलहौसी लाल पेनाचं टोपण काढत होता.

साडेतीनला जाग आली. अशा वेळी काय करावं? पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, म्हणून घड्याळ बघू नका. साडेतीनला पहाट म्हणायचं की रात्र, यावरच सकाळ होते. बायकोला उठवून विचारू नका. ती "उसळ" असा एकाच शब्दात निकाल देते आणि कूस बदलते. फोनवर डोळे मिटून बघायचाही मोह होईल. पण दोन ठिकाणी हयात निघालो तर आणखी काहीतरी भरून द्यावं लागायचं. नाडी बघा हवं तर. तिला काही किंमत नाही, पण तेवढाच विरंगुळा. बाकी वेळ सही आठवत पडून राहा. ती मुलगी "इथं" म्हणाली तेव्हा नख ओळीवर होतं की ओळीच्या वर? आणि वरच्या ओळीतले ते गृहस्थ, माझ्या सहीमुळं त्यांच्या घरी पुन्हा पेन्शन सुरू झाली तर त्यांच्या बायकोला काय वाटेल? मी तर पहाटेपर्यंत तिच्याकडून पेढेसुद्धा खाऊन आलो.

सकाळी चहा घ्या, कालचाच शर्ट घाला आणि दोन्ही चष्मे खिशात टाका. दारात चपला शोधू नका, गुपचूप सटकायचा प्रयत्न करा. साधत नाही.

"कुठं निघालात?"

"बँकेत. मी आहे का ते बघून येतो."

"गावात चाललाच आहात तर..." ती म्हणेल, आणि रामा कलरचा फॉल तुमच्या हातात देऊन ब्लाउजची सेफ्टी पिन काढायला लागेल.