दोन पासपोर्ट आणि एक फॉरवर्ड

गोव्यातल्या घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: 'आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असतील तर पोर्तुगीज पासपोर्ट काढा. भारतीय पासपोर्ट परत करावा लागत नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) घेतलं की दोन्ही देशांचे नागरिक. मग लंडनला थेट नोकरी.' आमच्या ग्रुपवर त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

आजोबांचं वाक्य तेवढं खरं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमलात इथे जन्मलेल्यांच्या आधारावर लिस्बनमध्ये नोंद करून अनेकांनी ते नागरिकत्व घेतलंय. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, हेही खरं. पण पोर्तुगालला चालून काय उपयोग? भारताला चालत नाही.

'भारतीय पासपोर्ट परत करावा लागत नाही.' लागतो. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. २००९ च्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय की परदेशी पासपोर्ट मिळवला, हाच त्याचा निर्णायक पुरावा. लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली असेल तर काय, यावर वकील भांडतात. पासपोर्ट हातात आला की भांडायला जागा उरत नाही. आणि परदेशी नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट काढला, तर पासपोर्ट कायद्यात १ ते ५ वर्षं कैद आणि वर दंड.

यावर 'अहो, अमका जातो-येतो की!' म्हणणारा एक जण असतोच. त्याने इमिग्रेशनच्या काउंटरवर काय होतं ते डोळ्यांसमोर आणावं. भारतीय पासपोर्ट पुढे करून लिस्बनला निघालात, तर अधिकारी पानं उलटत शेंगेन व्हिसा, म्हणजे पोर्तुगालसह बऱ्याचशा युरोपात चालणारा व्हिसा, शोधणार. तो नसणार, कारण पोर्तुगिजाला तो कशाला लागतोय? बरं, पोर्तुगीज पासपोर्ट पुढे केला, तर तो भारताचा व्हिसा आणि इथे उतरल्याचा शिक्का शोधणार. तोही नसणार, कारण तुम्ही तर म्हापशातच होता! कुठलाही पुढे करा, हवं ते पान कोरंच.

आता ओसीआय. या नावात 'सिटिझन' शब्द आहे आणि सगळा घोळ त्या एका शब्दाने घातलाय. प्रत्यक्षात तो भारतात येण्या-राहण्याचा आयुष्यभराचा व्हिसा आहे, सोबत काही सवलती. मतदान नाही. निवडणूक लढवता येत नाही. सर्वसाधारण सरकारी नोकरी नाही. शेतजमीन वारशाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर वेगळी परवानगी. हे सगळं ज्याला लागू, तो कागदोपत्री परदेशी नागरिकच. गंमत म्हणजे, कालपर्यंत भारतीय असलेल्याला ओसीआयच्या अर्जासोबत भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट जोडावं लागतं. म्हणजे फॉरवर्डचं तिसरं वाक्यच दुसऱ्याला खोटं पाडतं.

पुन्हा भारतीय व्हायचं म्हटलं तरी उद्या होत नाही. ओसीआय नोंदणीला ५ वर्षं झालेली हवीत, अर्जाआधीचे १२ महिने भारतात राहिलेलं हवं, आणि पोर्तुगीज नागरिकत्व सोडायची तयारी हवी.

राहिलं लंडन. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, पण ती उभी राहिली ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा. १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगिजालाही तिथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. आधीपासून राहणाऱ्यांसाठी जी योजना होती, तिची मुख्य मुदत ३० जून २०२१ ला संपली. एप्रिल २०२५ पासून तर नुसतं आठ दिवस फिरायला जायचं तरी आधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. फॉरवर्डमधलं ते वाक्य ब्रेक्झिटच्या आधीचं आहे, कुणी खोडलंच नाही.